दरेकशाची वाट आणि लाखेचा सांधा

पौषातल्या एका सकाळी माझ्यापुढे चहा ठेवता ठेवता मालती म्हणाली, "लग्नाला बारा वर्षं झाली, अजून हाजऱ्याचा धबधबा पाहिला नाही." पौषात धबधब्याला पाणी कुठलं, पावसाळ्यात जाऊ, असं मी म्हणालो. त्यावर ती म्हणाली की पावसाळ्यात रस्ता नसतो हे तुम्हीच दरवर्षी सांगता. मग मी हो म्हणालो. शिवाय दरेकशाच्या जंगलात कुसुमाच्या झाडांवरची लाख याच दिवसांत उतरवतात, आणि माझा धंदाच लाखेचा. गोंदियात माझा लहानसा कारखाना आहे. गावोगावची काडीलाख, म्हणजे काड्यांना चिकटलेली कच्ची लाख, आणायची, धुवायची, वितळवून गाळायची आणि तिच्या पातळ पत्र्या करून कलकत्त्याला पाठवायच्या. तेव्हा तीन दिवसांचा बेत ठरला. धबधबा तिचा, लाख माझी आणि गाडी दोघांची.

गाडीविषयी आधीच सांगून टाकतो, कारण या वर्णनात धबधबा कमी आणि गाडी जास्त येणार आहे. लढाईच्या आधीची, काळी, चार दारांची विलायती गाडी. एका लाकडाच्या ठेकेदाराकडून जुनीच घेतलेली. दोन वर्षांपासून तिला एक खोड लागली होती. सकाळी थंडीत एका फटक्यात सुरू व्हायची. रस्त्यावर धावताना तक्रार नाही. पण दहा-बारा मैलांनी इंजिन चांगलं तापलं आणि कुठे उभी केली, की तिला एकसारखा श्वास घेता येईना. आवाज आपोआप चढायचा, मग उतरायचा, आता बंदच पडणार असं वाटेपर्यंत उतरायचा, आणि पुन्हा चढायचा. सगळी गाडी थरथरायची. दम्याच्या माणसाजवळ बसलं की आपल्यालाच धाप लागते, तसं व्हायचं मला.

या खोडीपायी मी एका माणसाला कामावरून काढलं होतं. मनीराम त्याचं नाव. दरेकशाकडचा गोंड, पन्नाशीला आलेला. लढाईत ब्रह्मदेशाच्या आघाडीवर त्याने फौजेच्या लॉऱ्या चालवल्या होत्या. माझ्याकडे सहा वर्षं होता. आमच्याकडे ड्रायव्हर लोकांची रीत अशी की जुन्या मालकाने लिहून दिलेली चिठ्ठी जपून ठेवायची आणि नव्या मालकाला दाखवायची. मनीरामजवळ एकच होती, पण काय होती! त्याच्या इंग्रज कप्तानाने जाड, चिवट कार्डावर टाइप करून दिलेली. इंजिनाचा याला कान आहे, हा इमानी आहे, याच्या हाती मी माझा जीव सोपवला होता, अशा अर्थाची. ती तो टिनाच्या नळीत गुंडाळून ठेवायचा.

गाडी बिघडायला लागली तेव्हा त्याच्या हातांना घासलेटचा वास यायचा. गाडीखान्यातला घासलेटचा डबाही लवकर रिता व्हायचा. मी दोन आणि दोन चार केले. हा पेट्रोल काढून विकतो आणि टाकीत घासलेट ओततो. माझा स्वभाव तापट, आणि डोक्यात एकदा शिरलेलं निघत नाही. गोंदियाच्या मोटर स्टँडवर, दहा-पंधरा ड्रायव्हर चहा पीत बसलेले असताना, मी त्याला चोर म्हटलं. तेवढ्यावर भागलं नाही. त्याची नळी मागून घेतली, कार्ड बाहेर काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर माझ्या हाताने लिहिलं : हा मनुष्य पेट्रोलमध्ये घासलेट मिसळतो. खाली सही केली. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं असेल.

त्यानंतर गाडी मीच चालवू लागलो. पेट्रोल माझ्या डोळ्यांसमोर भरलं जाऊ लागलं. तरीही खोड गेली नाही. एका कारागिराने प्लग बदलून पाहिले, दुसऱ्याने कार्बोरेटरचे स्क्रू पिळले. एकदा मालतीने विचारलं, "मनीरामभाऊ तर गेले. मग आता घासलेट कोण मिसळतं?" घासलेटने इंजिन आतून खराब करून ठेवलं, ते आता कसं सुधारणार, असं काहीतरी मी म्हणालो. तिने पुन्हा विचारलं नाही. पण तो प्रश्न घरातच राहिला, कुठे गेला नाही.

निघालो ते सूर्य वर आल्यावर. गोंदियाहून आमगाव पंधरा मैल. रस्ता मुरमाचा, पण हिवाळ्यात चांगला असतो. जाणाऱ्यांनी टाकी गोंदियातच भरून घ्यावी, पुढे पेट्रोलची खात्री नाही. पाण्याचा डबा आणि एक जास्तीची ट्यूबही असू द्यावी. दोन्ही बाजूंना धान कापून झालेल्या बांध्या होत्या आणि त्या रिकाम्या बांध्यांमध्ये ओलीवर उगवलेलं लाखोळीचं हिरवं कडधान्य. खळ्यांवर मळणी चालू होती. आमगावच्या बाजारपेठेत आम्ही आलूबोंडे आणि चहा घेतला. दुकानदार आमच्याशी हिंदीत, बायकोशी पोवारी बोलीत आणि गिऱ्हाइकाशी मराठीत बोलत होता, आणि हिशेब मात्र आण्यांत करत होता. नवे पैसे येऊन वर्ष होत आलं तरी ते त्याच्या जिभेवर बसले नव्हते.

तिथेच गाडीने पहिला हिसका दाखवला. उभी असताना आवाज चढला, उतरला. दुकानातले चार लोक बाहेर येऊन पाहू लागले. मी ऐटीत अॅक्सिलरेटर दाबून धरला, जणू मलाच तसं हवं होतं. मालती समोर पाहत म्हणाली, "मनीरामभाऊ इकडचेच ना?" इकडचाच असेल कुठला, मी म्हणालो. तिच्या पिशवीत वर एक नवं लुगडं घडी करून ठेवलेलं मला दिसलं. जंगलात जाताना नवं लुगडं कशाला, हे विचारायचं मी टाळलं.

आमगावच्या पुढे वाघ नदी लागते. नाव वाघ, पण पौषात पाणी गुडघ्याइतकं, आणि पात्रातल्या बुटक्या फरसबंद रपट्यावरून गाडी सहज जाते. पावसाळ्यात याच रपट्याने माणसं दोन दोन दिवस अडवून ठेवली आहेत, तेव्हा वेळ पाहून जावं. सालेकशाला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. मुक्काम सरकारी विश्रामगृहात. दोन खोल्या, निवारीच्या खाटा, खानसाम्याने केलेला भात आणि वालासारख्या पोपटीच्या शेंगांची भाजी. आधी पत्र टाकून परवानगी घ्यावी लागते, नाहीतर एखादा साहेब दौऱ्यावर असला तर अंगणात झोपावं लागेल. भाजी इतकी चांगली होती की मालतीने कृती विचारून घेतली. संध्याकाळी टेकड्यांच्या बाजूने थंडी उतरली. आम्ही व्हरांड्यात घोंगड्या पांघरून बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी नेहमीसारखी एका फटक्यात सुरू झाली. सालेकशापासून दरेकसा आठ-नऊ मैल, पण हे मैल वेगळे. शेतं मागे राहतात आणि दोन्ही अंगांनी साग, ऐन, बांबू जवळ येतात. रस्ता बैलगाड्यांचा, चाकोऱ्या खोल, चढउतार पुष्कळ. गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरवरच चालवावी लागते, म्हणून इंजिन लवकर तापतं. उजवीकडे रेल्वेचा रूळ सोबत करतो. वाटेत कुसुमाची झाडं दिसली. फांद्यांवर लाखेचे जाड, तांबूस थर चढलेले. एका झाडावर दोन माणसं कोयत्याने फांद्या उतरवत होती. मी गाडी थांबवून एक काडी हातात घेतली, नखाने खरवडली, वास घेतला. पीक उत्तम होतं. दहा मिनिटांनी परत गाडीशी आलो तेव्हा ती धापा टाकत होती, आणि मी पाहता पाहता बंद पडली.

पुढचा तासभर ती मी कशी नेली ते माझं मला माहीत. पाय उचलला की मरायची. स्टेशनाजवळच्या शेवटच्या उतारावर मी सोडूनच दिली, आणि ती घरंगळत स्टेशनापुढच्या मोकळ्या जागेत जाऊन थांबली. दरेकसा स्टेशन अगदी लहान. दोन बाकं, एक घंटा, मागे डोंगर. स्टेशनावरचा खलाशी कंदील पुसत बसला होता. त्याला गाडीचं विचारलं तर तो म्हणाला की टोल्यावर, म्हणजे पलीकडच्या वस्तीवर, एक माणूस आहे, मिलिटरीत लॉरी चालवत होता, नुसता आवाज ऐकून सांगतो.

नाव विचारायची गरज नव्हती. मालती गाडीतून उतरली, पिशवी हातात घेतली आणि त्या खलाशाला टोल्याची वाट विचारू लागली. तेव्हा मला कळलं की हिला धबधबा पाहायचा नव्हता. राग आला. परत फिरण्याचाही विचार आला. पण परत फिरायला गाडी चालायला हवी होती.

टोला स्टेशनापासून अर्ध्या मैलावर. दहा-बारा घरं, सारवलेली अंगणं, कुडाच्या भिंती. गाडी मी पुन्हा सुरू केली आणि पाय न उचलता कशीबशी तिथवर नेली. मनीराम अंगणात बसून काड्यांवरची लाख खरवडत होता. आमची लाख. म्हणजे इथून जी सालेकशाच्या बाजारात जाते आणि तिथून माझ्या कारखान्यात येते तीच. त्याने मान वर केली नाही. तो गाडीचा आवाज ऐकत होता, हे मला त्याच्या थांबलेल्या हातावरून समजलं. मग उठला, मालतीला नमस्कार केला आणि मला म्हणाला, "बंद नका करू. चालू राहू द्या."

दोन वर्षांत तो वाळला होता. डोक्याचे केस पांढरे झाले होते. त्याची बायको बाहेर आली, तिने मालतीला आत नेलं. आम्ही दोघं बॉनेटच्या दोन बाजूंना उभे राहिलो. त्याने काही बोलायच्या आधी मीच बोलेन असं वाटलं होतं, पण मी नुसतं बॉनेट उघडून धरलं. त्याने एक स्क्रू जरा पिळून इंजिन आपलं आपण चालतं ठेवलं आणि डोळे मिटून मिनिटभर ऐकलं. मग एकेक विचारू लागला, डॉक्टर विचारतो तसं. किती मैलांनी बिघडते? धावताना बिघडते का? धूर येतो का? मी उत्तरं देत गेलो. शेवटी त्याने विचारलं, "सकारी थंडीत सुरू होते का?"

"एका फटक्यात," मी म्हणालो.

"मंग घासलेट नाही." हे तो माझ्याकडे न पाहता, इंजिनाकडे पाहत बोलला. "घासलेट असतं त सकारी सुरूच झाली नसती. घासलेट थंडीत रुसते अन् गरम झाल्यावर चालते. हे त उलटं हाय."

इतकी साधी गोष्ट. मी कारखान्याचा मालक, आठवड्याचं वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारा, आणि ही गोष्ट मला दोन वर्षांत सुचली नव्हती. खरं म्हणजे सुचू दिली नव्हती.

इंजिन बंद करून त्याने एक प्लग काढला. टोक खडूसारखं पांढरं. पेट्रोल कमी आणि हवा जास्त झाली की असं होतं, असं त्याने सांगितलं. म्हणजे हवा कुठूनतरी चोरवाटेने आत जाते आहे. प्लग परत बसवला, इंजिन चालू केलं. ते पुन्हा चढू-उतरू लागलं. त्याने पळसाचं पान दुमडून त्याचा द्रोण केला, त्यात माझ्या तेलाच्या डब्यातलं मोबिल घेतलं आणि एकेका सांध्यावर थेंब थेंब सोडू लागला. इथे सोड, थांब, ऐक. तिथे सोड, थांब, ऐक. वायपरच्या नळीवर काही झालं नाही. मोठ्या नळीच्या बोल्टांवर काही झालं नाही. मग कार्बोरेटर जिथे नळीवर बसतो त्या सांध्यावर थेंब पडले, आणि इंजिन एकदम शांत झालं. बंद नाही, शांत. एकसारखं, संथ. चार-पाच श्वास असे गेले. मग तेल आत ओढलं गेलं आणि धाप पुन्हा सुरू झाली.

त्याने पुन्हा थेंब सोडले. पुन्हा शांत. हे त्याने तीन वेळा केलं. तिसऱ्यांदा ते माझ्यासाठी होतं असं मला वाटतं.

इंजिन जरा निवल्यावर त्याने पान्याने दोन नट काढले आणि कार्बोरेटर उचलला. सांध्यावर कागदाचं पॅकिंग असायला हवं. ते नव्हतं. त्याच्या जागी काळपट तांबडं, चिकट कडं होतं. एका बाजूने ते वितळून आत ओढलं गेलं होतं आणि तिथे नखाएवढी फट पडली होती. गरम लाखेचा वास आला. हा वास मी जन्मापासून ओळखतो. मनीरामने चाकूच्या टोकाने एक कपचा काढला, माझ्या तळहातावर ठेवला आणि म्हणाला, "सेठ, हे काय हाय ते तुमाले मी का सांगू?"

मग सगळं आठवलं. आठवलं म्हणतो खरा, पण मी विसरलो होतो का, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. दिवाळीनंतर मनीराम मंडईची जत्रा पाहायला गावी गेला होता. आठ दिवस मी मोकळा होतो आणि हात शिवशिवत होते. कार्बोरेटर साफ करावा म्हणून मी तो खोलला, आणि पॅकिंग फाटलं. आमच्या घरात चाकूची मूठ निघाली तर लाख, मडक्याला चीर गेली तर लाख, बाळाचा खुळखुळा तुटला तरी लाख. माझे वडील म्हणत, जिथे फट तिथे लाख. मी कारखान्यातून तुकडा आणला, वितळवला आणि सांधा जोडून टाकला. थंड झाल्यावर दगडासारखा घट्ट बसला. लाख उष्णतेने मऊ होते हे ज्याच्या पोटापाण्याचं ज्ञान आहे, त्याने ती इंजिनाला लावली. असा शहाणपणा लाखेच्या व्यापाऱ्यालाच सुचायचा. मनीराम परत आला तेव्हा त्याला मी हे सांगितलं नाही. मालकाने गाडीखान्यात बसून हात काळे केले हे काय सांगायचं?

"मीच लावली होती," मी म्हणालो. "तू मंडईला गेला होतास तेव्हा."

त्याने चाकूचं टोक पुसलं. "मी तवा म्हनलो होतो सेठ. हवा घेऊन राहिली, खोलून पाहू द्या."

"म्हणाला होतास."

मी खोलू दिलं नव्हतं. कार्बोरेटरला हात लावू नकोस, तूच बिघडवलास, असं म्हणालो होतो. का म्हणालो होतो? सांध्यात काय आहे हे मनात कुठेतरी माहीत होतं म्हणून? याचं उत्तर मी इथे लिहू शकलो असतो तर बरं झालं असतं.

मनीरामने लाख खरवडून काढली. घरातून वाटीभर घासलेट आणलं आणि सुटे भाग त्यात धुतले. त्याच्या हातांना तोच वास येऊ लागला. दर आठवड्याला तो माझ्या गाडीखान्यात असेच भाग धुवायचा, डबा म्हणून रिता व्हायचा. मी बाजूला जाऊन उभा राहिलो.

आता पॅकिंग हवं होतं. माझ्या गाडीत वर्तमानपत्र होतं, ते पातळ. मिठाईच्या डब्याचा पुठ्ठा होता, तो बोटांत भुगा होणारा. जाड आणि चिवट कागद पाहिजे, तेल पिऊनही न फाटणारा, असं तो म्हणाला. टोल्यावर तसा कागद कुठून असणार? तो आत गेला. परत आला तेव्हा त्याच्या हातात टिनाची नळी होती.

मी "नको" म्हणालो. सालेकशाहून कागद आणू, उद्या करू, गाडी इथेच राहू दे, असं बरंच काही म्हणालो. त्याने कार्ड बाहेर काढलं, काळजीने सरळ केलं आणि कार्बोरेटरचं तोंड त्यावर दाबलं. तेलाचा गोल ठसा उमटला. वर कप्तानाची टाइप केलेली अक्षरं होती. खाली, पलीकडच्या बाजूला, माझी.

"हे कार्ड आता कोनी वाचत नाही," तो म्हणाला. "मालक लोक आधी पलटवून पाहतेत."

त्याची बायको दारात उभी होती. मग तिने मालतीला सांगितलं आणि मालतीने मला, तेव्हा समजलं की त्या वर्षी तो गोंदियात बारा दारं फिरला होता, बालाघाटला गेला होता, राजनांदगावला पायी गेला होता. कार्ड दाखवलं तर माझी ओळ दिसायची. दाखवलं नाही तर अनोळखी माणसाच्या हाती कोण गाडी देणार? शेवटी तो टोल्यावर परतला आणि झाडांवर चढून लाख उतरवू लागला. या वयात.

मी म्हणालो, "मनीराम, मी नवीन लिहून देतो. आत्ता, इथे. जे खरं आहे ते सगळं लिहितो."

त्याने उचललेली कात्री थांबवली आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "तुमचं तुमी लिवान. कप्तान साहेबाचं कोन लिवन?"

मग त्याने ठशावरून कार्ड कापलं. मधला गोल काढला, बोल्टांची दोन भोकं पाडली, कागद मोबिलमध्ये भिजवला आणि सांध्यावर बसवला. नट आवळले. इंजिन सुरू करून चांगलं तापू दिलं. आम्ही चौघं अंगणात उभे राहून ऐकत होतो. ते चढलं नाही, उतरलं नाही. दोन वर्षांनी मी ते इतकं शांत ऐकत होतो, आणि मला ते ऐकवेना.

त्याच्या बायकोने जेवू घातलं. भात, लाखोळीची डाळ आणि वर मिरचीचा ठेचा. मालतीने लुगडं दिलं, ते तिने घेतलं. मी परत कामावर ये म्हणालो, तर मनीरामने मान हलवली. दोन बांध्या धान आहे, कुसुमाची झाडं आहेत, आता गाडी कायले, असं तो म्हणाला. मी खिशात हात घातला तेव्हा मालतीने माझ्याकडे असं पाहिलं की मी तो रिकामाच बाहेर काढला. तिनेच त्याला सरळ विचारलं की भाऊ, तुम्हाला काय हवं?

त्याने गाडीकडे पाहिलं. मग म्हणाला, "सेठ मोटर स्टँडवर बोलले होते, बाई. मोठ्यानं बोलले होते. तेवढ्याच मोठ्यानं बोलावं, बस."

तिसऱ्या दिवशी हाजरा पाहिला. इतकी वाट वाकडी केली होती, आणि मालती म्हणाली आता पाहूनच जाऊ. स्टेशनापासून जंगलातून पायवाट आहे, गावातला माणूस बरोबर घ्यावा, पायात जाड चपला असाव्यात. पौषात काळ्या कड्यावरून पाण्याची एक बारीक धार उतरत होती, खाली डोह थंड आणि हिरवा. ज्यांना धबधबा पाहायचा आहे त्यांनी भाद्रपद उतरल्यावर यावं. आम्ही काठावर बसून बोरं खाल्ली. मी मालतीला विचारलं की तुला आधीपासून माहीत होतं का? ती म्हणाली, लाखेचं माहीत नव्हतं, माणसाचं माहीत होतं.

परतीचा रस्ता तोच. सालेकसा, वाघ नदी, आमगाव. आमगावला त्याच दुकानापुढे गाडी उभी केली. इंजिन संथ चालत राहिलं. कोणी बाहेर येऊन पाहिलं नाही.

गोंदियात शिरलो तेव्हा मोटर स्टँड वाटेवरच होता. ड्रायव्हर चहा पीत बसले होते. गाडी मी हळू केली, पण थांबवली नाही. थकलो आहे, कपडे धुळीने भरले आहेत, उद्या सकाळी येतो, असं मनाशी म्हणालो. मालतीने मागे वळून स्टँडकडे पाहिलं. तिथून घरापर्यंतच्या अर्ध्या मैलात वाटली तितकी लाज मला टोल्यावरही वाटली नव्हती.

सकाळी गेलो. गाडी न्यायची नव्हती, चालत गेलो. तीच बाकं, जवळपास तीच माणसं. दोन वर्षांपूर्वी जिथे उभा होतो तिथेच उभा राहिलो. सांगितलं की मनीराम चोर नव्हता. सांध्यात लाख होती, ती मी लावली होती, आणि दोष त्याच्यावर ढकलला. जे बोललो ते खोटं बोललो, आणि जे लिहिलं ते खोटं लिहिलं. तुम्ही ज्यांच्या गाड्या चालवता त्यांना हे माझं नाव घेऊन सांगा, आणि मीही जाऊन सांगणार आहे.

एकाने कपातला उरलेला चहा ओतून टाकला. कोपऱ्यात बिडी ओढत बसलेला सगळ्यांत जुना ड्रायव्हर हळू आवाजात म्हणाला, "आमाले माहीत होतं, सेठ. तुमी बोलून राहिले होते, तवाच माहीत होतं."

मी विचारलं, "मग कोणी बोललं काऊन नाही?"

"आमच्यापाशी पन चिठ्ठ्या आहेत ना," तो म्हणाला.

मी घरी आलो. त्यानंतरच्या महिन्यात गाडीवाल्या मालकांची बारा दारं मी फिरलो, जी मनीराम फिरला होता. काहींनी ऐकलं, काहींना मनीराम कोण तेच आठवेना. एकाने खरंच त्याला निरोप धाडला, पण तो आला नाही. पुढच्या हंगामात त्याची लाख सालेकशाच्या बाजारात न थांबता सरळ कारखान्यात येऊ लागली. ती मी स्वतः पाहून घेतो. चांगली असते.

गाडी अजून माझ्याकडे आहे आणि उत्तम चालते. कार्ड कापताना मधला जो गोल पडला तो मालतीने अंगणातून उचलून पदराच्या गाठीत बांधला होता. घरी आल्यावर तिने तो माझ्या टेबलावर ठेवला. रुपयापेक्षा जरा मोठा असेल. एका बाजूला कप्तानाची टाइप केलेली अक्षरं आहेत, पण कात्री वाक्यांच्या मधून गेली आहे, त्यामुळे एकही वाक्य पुरं वाचता येत नाही. दुसऱ्या बाजूला माझ्या हस्ताक्षरातला एक शब्द मात्र अख्खा राहिला आहे : मिसळतो.